कँडिडेटचा पोशाख

नाशिकरोड
१६ जून १९८१

आदरणीय भिकनमामा आणि सुलामामी यांना कारभारीचा मनापासून जयभीम.

सर्वात आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी करतो. आईने बजावलं आहे की पहिल्यांदा गुडघ्याचं विचार आणि मग बाकीचं लिही, नाहीतर भावाला वाटेल की ही माणसं कामापुरती आठवण काढतात. तेव्हा, गुडघा कसा आहे? सायकलवरून पडलात त्याला आता बरेच दिवस झाले. शाळा पुन्हा सुरू झाली असेल, तर तेवढी चढण पायी चढता की अजूनही खंडेरावांच्या बैलगाडीची वाट बघत पारावर बसता? मामींची शेळी व्याली का? (हा प्रश्न आईचा आहे. पिल्लं झाली असतील तर त्यातली एक पाट, म्हणजे मादी, आमच्यासाठी राखून ठेवा असं ती म्हणते. रेल्वे लाइनीजवळच्या आमच्या दोन खोल्यांत शेळी कुठे बांधायची याचा विचार तिने केलेला नाही, आणि मी तो तिला करायला लावणार नाही.)

इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. सुखरूप हा शब्द पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहीत नाही, अनुभवाने लिहितोय. गेल्या महिन्यात मी गोदाकाठ बियाणे महामंडळाच्या मुलाखतीला गेलो, तेव्हापासून गेल्या शनिवारी पोस्टमन दारात उभा राहीपर्यंत मी सुखरूप नव्हतो. जेवत होतो, झोपत होतो, विहारात पोरांच्या शिकवण्या घेत होतो, पण कान सारखे पोस्टमनच्या सायकलकडे लावून होतो. शनिवारी आईने सगळ्या कॉलनीत पेढे वाटले, त्यावरून निकाल काय लागला ते तुम्ही ओळखलंच असेल. जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा पडतो ते मला आता कळलं. पण तो भांड्याच्या कडेवर किती वेळ डुगडुगत होता आणि त्याला तिथे कोणी नेऊन ठेवलं, ते सांगण्यासाठी हे पत्र आहे. मामा, राग मानू नका, पण त्याला तिथे तुम्ही नेऊन ठेवलंत.

तुम्हाला माहीतच आहे की येत्या ऑगस्टात माझं वय सरकारी नोकरीच्या मर्यादेबाहेर जातं. एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं माझं कार्ड खिशात राहून राहून इतकं मऊ झालं होतं की त्याने घाम पुसता आला असता. त्या कार्डावर आलेला हा मुलाखतीचा शेवटचा कॉल. हा हुकला असता तर मी पुन्हा कधीही कुठल्याही सरकारी बाकावर बसण्याच्या लायकीचा राहिलो नसतो. सावळीरामदादा तोंडाने काही बोलत नाही, पण तो कारखान्यातून दोन दोन पाळ्या करून येतो आणि मी दारात वर्तमानपत्र वाचत बसलेलो असतो, तेव्हा त्याच्या चपला काढण्याच्या आवाजावरूनच मला सगळं ऐकू येतं. तर कॉल आला. तो इंग्रजीत होता, आणि त्या एका कागदावर ‘कँडिडेट’ हा शब्द इतक्या ठिकाणी होता की मला वाटलं, महामंडळाला हा शब्द फार महत्त्वाचा वाटत असावा.

आता तुमची शिकवण. मी आठवीत असताना तुम्ही मला नाशिकरोडच्या फलाटावर उभं करून हमालाकडे बोट दाखवलं होतंत आणि सांगितलं होतंत की हा पोर्टर; लॅटिनमध्ये ‘पोर्टारे’ म्हणजे वाहून नेणे; म्हणून ट्रान्सपोर्ट, म्हणून एक्स्पोर्ट, म्हणून इम्पोर्ट. शब्द पाठ करत बसू नकोस, त्याचं मूळ विचार, सोयरीक जमवताना आपण विचारतो तसं. मग तो शब्द तुला जन्मात फसवणार नाही. (तो हमाल आपल्याकडे दोन शिकलेली माणसं का बघताहेत हे न कळून डोक्यावरची ट्रंक खाली ठेवून उभा राहिला होता, आणि ट्रंकेचा मालक आपल्या दोघांवर ओरडला होता, तेही आठवतं.) मग तुम्ही मला ती डिक्शनरी दिलीत, जिची पहिली काही पानं नाहीत आणि शेवटची उंदरांनी नेली, पण मधल्या प्रत्येक शब्दाची कुळकथा जिच्यात आहे. तेव्हापासून मी मुळाशी जातो. मागे एकदा शिकवणीच्या पोराच्या बापाला, जे देवळालीचे नावाजलेले पैलवान आहेत, मी कौतुकाने सांगितलं की ‘मसल’ या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये ‘लहान उंदीर’ असं आहे, कारण दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो. त्यांनी आधी स्वतःच्या दंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पोराला शिकवणीतून काढलं. माहिती शंभर टक्के खरी होती. पण खऱ्या माहितीने माझं भलं झालं नाही, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मी ‘कँडिडेट’चं मूळ काढलं. मामा, काय सुंदर मूळ आहे! लॅटिनमध्ये ‘कँडिडस’ म्हणजे पांढरंशुभ्र, लखलखीत. त्याच घराण्यातली ‘कँडल’, म्हणजे उजेड देणारी मेणबत्ती, आणि त्याच घराण्यातला ‘कँडिड’, म्हणजे मनात काही डाग न ठेवता बोलणारा. जुन्या रोम शहरात कोणाला सरकारी पद हवं असलं की तो पांढरा झगा घालून लोकांसमोर जाई, आणि झगा आणखी पांढरा दिसावा म्हणून त्यावर चक्क खडू घाशी. अशा पांढऱ्या माणसाला म्हणत कँडिडेट. मी ते वाचून बराच वेळ भारावल्यासारखा बसलो. मग विचार केला की मुलाखत घेणारी माणसं चांगली शिकलेली असणार, त्यांनी कागदावर मुद्दाम हा शब्द लिहिला आहे, आणि बाकीची सगळी मुलं रंगीत बुशकोट आणि बेलबॉटम घालून येणार. त्या गर्दीत एक जण तरी शब्दाच्या मुळाला धरून आला तर साहेबांच्या डोळ्यांत भरल्याशिवाय राहील का?

भरलो. पण ते पुढे.

घरात पांढरा पोशाख एकच होता, दादाने लग्नात घातलेला. नेहरू शर्ट आणि पायजमा, दोन वर्षं वहिनीच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसकट ठेवलेला. तुम्ही लग्नात होताच, तेव्हा आठवत असेल की दादा तेव्हाही अंगाने भरलेला होता. माझी अंगकाठी तुम्ही जाणता. वहिनीने ट्रंक उघडण्याआधी मला तीनदा विचारलं की मुलाखतीला जातोयस की लग्नाला, आणि मी तिला रोमचा इतिहास सांगायला लागल्यावर तिने मुकाट्याने कपडे काढून दिले. शर्टात मी दोनदा मावलो असतो. शिवाय छातीवर लग्नाच्या जेवणातल्या बुंदीचा तेलकट डाग होता, आणि तो धुऊन धुऊन पिवळा पडला होता. मी घाबरलो नाही. रोमन लोकांनी वाट दाखवून ठेवलीच होती. शिकवणीची खडूंची पेटी घरातच होती. डागावर खडू घासला. मग डागाची जागा बाकीच्या शर्टापेक्षा पांढरी दिसू लागली, म्हणून बाकीच्या शर्टावर घासला. मग पायजमा पिवळट वाटू लागला, म्हणून पायजम्यावर. आई दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, “काय रे हे? भिताड सारवतोय का?” मी म्हटलं की भिकनमामांनी सांगितलंय मुळाशी जा. तुमचं नाव ऐकल्यावर ती गप्प बसली. (मामा, या घरात तुमचं नाव ऐकल्यावर सगळे गप्प बसतात, आणि माझी सगळी संकटं तिथूनच सुरू होतात.) डोक्यालाही काही पांढरं असावं म्हणून मी शेजाऱ्यांची गांधीटोपी मागून आणणार होतो, पण ती मात्र आईने घालू दिली नाही. तसली टोपी आपल्या दारात नको म्हणाली, आणि त्या बाबतीत तिने तुमचंही नाव ऐकून घेतलं नसतं.

आता तुम्ही डोळे मिटून मला डोळ्यांसमोर आणा. अंगावर वाऱ्याने फुगणारा ढगळ पांढरा नेहरू शर्ट, पांढरा पायजमा, डोळ्यांवर चष्मा, खिशाला पेन, काखेत सर्टिफिकिटांची रेक्झिनची फाइल. तुम्हाला कोण दिसलं? बरोबर, पुढारी. पण ते मला दिसलं नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर रोम होतं. बसमध्ये चढलो तर एक कॉलेजचा पोरगा आपणहून उठला आणि मला जागा दिली. मला वाटलं, अजून जगात चांगली मुलं आहेत. शेजारी बसलेल्या आजीबाईंनी हात जोडून विचारलं की आमच्या गल्लीतल्या नळाला पाणी कधी येणार. मी म्हटलं, येईल हो. मला काय माहीत कधी येणार, पण म्हाताऱ्या माणसाला नाही कशाला म्हणायचं.

शरणपूर रोडवरच्या महामंडळाच्या ऑफिसात पोचलो तेव्हा व्हरांड्यातल्या बाकांवर मुलं दाटीवाटीने बसली होती. मला बघून सगळी उभी राहिली. बुधा नावाचा शिपाई धावत आला, कमरेत वाकला आणि म्हणाला, “या साहेब, इथं उन्हाचं नका थांबू. आत बसा. मोठे साहेब हायेत.” मामा, खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. मला वाटलं, बघा, शिकलेल्या ऑफिसातल्या शिपायालासुद्धा मुळाची कदर आहे! आत जाणार तेवढ्यात दिंडोरीकडचा एक उंचापुरा मुलगा, निवृत्ती त्याचं नाव, माझ्या पायांना हात लावायला वाकला. मी त्याला मधेच धरलं, तर माझ्या बाहीवरचा खडू त्याच्या निळ्या बुशकोटावर उमटला. त्याने तो झटकला नाही. उलट माझ्या हातात आपल्या नावाची चिठ्ठी ठेवली आणि म्हणाला, “साहेब, लय नाय, फक्त एक शब्द टाका आत.” त्याचं बघून बाकीच्यांनीही वहीची पानं फाडली. कारकून व्हायला आलेल्या माणसांनी दुसऱ्या कँडिडेटच्या हाती आपली नावं का द्यावीत ते मला कळेना. शेवटी मी असा निष्कर्ष काढला की नियमाप्रमाणे पोशाख केलेला मी एकटाच असल्यामुळे त्यांनी मला वर्गाचा मॉनिटर केलं असावं. सगळ्या चिठ्ठ्या नीट घडी करून मी खिशात घातल्या.

आतले मोठे साहेब म्हणजे व्यवस्थापक रंगनाथराव. गोरेपान, घाबरट, बोलताना टेबलावरचा पेपरवेट फिरवणारे. त्यांनी उठून मला तपकिरी रेक्झिनच्या सोफ्यावर बसवलं, पंखा वाढवला, चहा मागवला, चहाबरोबर बिस्किटं आली. पंखा वाढल्याबरोबर माझ्या अंगावरून पांढरा धुरळा उठून त्यांच्या टेबलाकडे चालला, पण त्यांनी तो दिसत नसल्यासारखं केलं आणि चहाच्या कपावर हात धरला. म्हणाले की आपण कशाला त्रास घेतलात, चिठ्ठी पाठवली असती तरी काम झालं असतं. मी म्हटलं, नाही, कॉलमध्ये स्वतः हजर राहा असं लिहिलं होतं. ते हसले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं की काम कोणाचं आहे. मी म्हटलं, माझंच. ते म्हणाले, तुमचं ते आमचंच, पण नाव काय? मला वाटलं त्यांना बाहेरच्या सगळ्यांची नावं हवी आहेत, म्हणून मी खिशातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. मामा, त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. ते पेपरवेट फिरवायचे थांबले. म्हणाले, साहेब, जागा दोनच आहेत हो. मी म्हटलं, मग ज्याला येतंय त्याला घ्या. हे वाक्य मी अगदी साध्या मनाने बोललो, तुम्ही शाळेत बोलाल तसं. पण रंगनाथरावांनी ते असं ऐकलं की जणू त्यात मंत्रालयातून आलेला काही इशारा आहे. मग ते मला सोफ्यावर तसंच बसवून मुलाखती घ्यायला शेजारच्या खोलीत गेले.

मी पंख्याखाली आरामात बसलो होतो. दुसरं बिस्किटही खाल्लं. बाहेर बुधा एकेकाचं नाव पुकारत होता आणि मी प्रत्येकासाठी मनातल्या मनात चांगलं चिंतत होतो. मग त्याने पुकारलं, “कारभारी पगारे!” व्हरांड्यातून कोणी उठलं नाही. त्याने पुन्हा पुकारलं. मग “कारभारी पगारे गैरहजर” असं तो आत सांगायला निघाला, तेव्हा मला एकदम उमगलं की तो मी आहे, आणि मी केबिनमधून धावत सुटलो. मागे वळून बघितलं तर तपकिरी सोफ्यावर माझी पाठ, माझी मांडी आणि फाइल असं सगळं पांढऱ्यात उमटलेलं होतं.

मी आत शिरलो. रंगनाथराव मला बघून ताडकन उठून उभे राहिले. मोठे साहेब उठले म्हणून शेजारचे हिशेब अधिकारी उठले. ते उठले म्हणून देवळाली कॅम्पातून बोलावलेले एक निवृत्त मेजर होते, तेही काठीचा आधार घेऊन उठले. नोकरी मागायला आलेल्या माणसासमोर सबंध निवड मंडळ उभं, असं नाशिक जिल्ह्यात याआधी घडलं असेल असं मला वाटत नाही. मी म्हटलं, बसा, बसा. ते बसले. मीही बसलो, आणि खुर्चीतून जो लोट उठला त्याने मेजरसाहेबांना सलग शिंका आल्या. शिंका थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि सरळ विचारलं की हे अंगावर काय आहे. मी म्हटलं, खडू. का? म्हटलं, लॅटिनमुळे.

आणि मग मामा, मला त्या खोलीत सगळं एकदम दिसलं. रंगनाथरावांचा पडलेला चेहरा दिसला, बाहेरच्या पोरांनी चिठ्ठ्या का दिल्या ते दिसलं, आजीबाईंचा नळ दिसला. ऑगस्ट महिना समोर उभा राहिला, आणि दादा दारात चपला काढतोय असं ऐकू आलं. रडू आलं असतं, पण चष्म्यावर खडू बसला होता. मग ठरवलं की वाटोळं व्हायचंच आहे तर निदान ‘कँडिड’ होऊन होऊ दे. मी सगळं सांगितलं. रोम सांगितलं, झगा सांगितला, बुंदीचा डाग सांगितला, पैलवानांचा उंदीरही सांगितला. केबिनमधला चहा माझा नव्हता, तो दुसऱ्या कोणाचा तरी मी गैरसमजाने प्यालो, हेही सांगितलं. मेजरसाहेब आधी गालात हसत होते, मग टेबलावर हात आपटून हसायला लागले, इतके की बुधा पाणी घेऊन आला.

हसू आवरल्यावर ते जे बोलले ते तुम्हाला मुद्दाम लिहून कळवतो. त्यांनी विचारलं, तुझं मूळ गाव कुठलं? मी म्हटलं, सिन्नरकडचं. राहतोस कुठे? म्हटलं, नाशिकरोडला. मग आमचा कॉल आम्ही कुठे पाठवला? म्हटलं, नाशिकरोडला. ते म्हणाले, शब्दाचंही असंच असतं. मूळ गाव माहीत असलं की त्याची ओळख पक्की होते, सोयरेधायरे कळतात, पुन्हा तो विसरत नाही. पण त्याला भेटायचं असेल तर तो हल्ली जिथे राहतो तिथे जावं लागतं. हा शब्द रोम सोडून किती काळ झाला! मग त्यांनी मला एक वर्तमानपत्र दिलं आणि त्यातली ‘कँडिडेट’ असलेली वाक्यं शोधून मराठीत सांगायला लावली. मग बियाण्यांच्या पिशव्यांबद्दलचं एक लांबलचक इंग्रजी पत्र मराठीत करायला दिलं. ते मी बरं केलं असावं, कारण हिशेब अधिकारी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघत राहिले. रंगनाथराव मात्र शेवटपर्यंत बाहीवरचा खडू झटकत राहिले.

घरी आल्यावर मी पोशाख काढून मोरीत टाकला. आईने कपडे धुतले तेव्हा मोरीतून दुधासारखं पाणी वाहिलं आणि रात्री तिने माझ्या ताटात भाकरी जास्त वाढली. मग शनिवारी पोस्टमन आला. आम्ही दोघे निवडले गेलो आहोत, दिंडोरीचा निवृत्ती आणि मी. त्याचं ऐकूनही फार बरं वाटलं. दादाने कागद दोन वेळा वाचला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि न जेवताच पाळीवर निघून गेला. त्याच्या चपलांचा आवाज त्या दिवशी अगदी हलका वाटला. मामा, मी इतका सुटलो आहे की कालपासून रस्त्यात भेटेल त्याला उगाच नमस्कार करतोय. तुमची डिक्शनरी मी सोडणार नाही, पण यापुढे मूळ काढल्यावर वर्तमानपत्रही बघत जाईन.

मामींना जयभीम. गुडघ्याला शेक देत राहा.

तुमचा भाचा,
कारभारी

ता. क. – सांगायचं राहिलं. माझी नेमणूक तुमच्या गावाजवळच, महामंडळाच्या सिन्नरच्या गोदामावर झाली आहे. एक तारखेला हजर व्हायचं आहे. तिथे खोली मिळेपर्यंत तुमच्याकडे पथारी टाकली तर चालेल ना? मी फार जागा घेत नाही, आणि शेळीची मला सवय होईल. आईने गृहीत धरून माझी वळकटी बांधलीसुद्धा आहे.

ता. क. दुसरा – खरं म्हणजे हे पत्र आज घाईने लिहायचं कारण वेगळंच आहे. कसं सांगावं ते सुचत नव्हतं म्हणून इतकं लांबलं. काल सोमवारी मी ऑर्डर घ्यायला ऑफिसात गेलो होतो. रंगनाथरावांनी मला पुन्हा केबिनमध्ये नेलं, दार लावलं, आणि हळूच म्हणाले की तुमच्या साहेबांना सांगा, काम झालं. मी म्हटलं, कोणते साहेब? ते डोळे मिचकावून म्हणाले की त्या दिवशी मेजरसमोर तुम्ही काय छान सांभाळून घेतलंत, लॅटिन काय, खडू काय, वा! मामा, मी त्यांना सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. जितकं खरं बोलत गेलो तितके ते जास्त आदराने माझ्याकडे बघू लागले. एवढं डोकं चालवणाऱ्या माणसाच्या मागे कोणीतरी असणारच, असं त्यांचं ठाम मत आहे. शेवटी हात धरून म्हणाले की नाव कुठे जाणार नाही, फक्त मला सांगा, तुमच्यामागे कोण आहे? मी त्यांना तुमचं नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं आणि गावही विचारलं. मी प्राथमिक शाळेचे मास्तर आहेत असंही सांगितलं, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, मोठी माणसं अशीच साधी राहतात. येत्या रविवारी ते सिन्नरला गोदाम बघायला येणार आहेत आणि तिथून जीप घेऊन तुमच्या दर्शनाला येणार आहेत. तेव्हा रविवारी सकाळी घरीच थांबा. जीप दारात थांबली तर घाबरू नका, गुडघा दुखत असताना उठून उभे राहू नका, आणि मामींना दोन धड कपबशा काढून ठेवायला सांगा. काही विचारलं तर खरं तेच सांगा, ते ऐकणार नाहीत. रागावू मात्र नका. माझ्यामागे कोण आहे असं हात धरून विचारल्यावर तुमच्याशिवाय मी दुसऱ्या कोणाचं नाव सांगणार होतो?